पवनचक्कीच्या साइटवर मऊ जमिनीवरून क्रॉलर क्रेन (रणगाड्यासारख्या पट्ट्यांवर, म्हणजे ट्रॅकवर चालणारी) एका पवनचक्कीच्या पायाकडून दुसरीच्या पायाकडे नेताना लाकडी मॅट टाकल्या की पुरे का?

नाही. आधी जमीन किती भार पेलते ते प्लेट लोड टेस्टने (जमिनीवर लोखंडी प्लेट ठेवून, भार देऊन ती किती खचते ते मोजून) बघा, मग मॅटचं ठरवा. समजा क्रेनचं एकूण वजन 600 टन आहे आणि दोन्ही ट्रॅक मिळून 30 चौरस मीटर जमिनीला टेकतात. म्हणजे सरासरी दाब चौरस मीटरला 20 टन. पण सरासरीवर विसंबणं हीच मोठी चूक! बूम (क्रेनचा लांब हात) उभी ठेवून चालताना थोडा उतार किंवा वाऱ्याचा झोत आला, की भार ट्रॅकच्या एका टोकाला जातो आणि तिथला दाब सरासरीच्या दुपटीवरही जाऊ शकतो. क्रेन उत्पादकाकडून त्या नेमक्या मांडणीचे दाबाचे आकडे मागून घ्या.

माझ्या मते खरा धोका दिसणाऱ्या चिखलापेक्षा बुजवलेल्या केबल-चरांचा आणि रस्त्याच्या कडेचा. वरून टणक, आत पोकळ. चर नकाशावर खुणावून घ्या, कडेपासून अंतर ठेवा. मुरूम-खडीखाली जिओग्रिड (प्लास्टिकची मजबूत जाळी) घातली तर भार पसरतो. जोराचा पाऊस झाला तर कालची टेस्ट विसरा, पुन्हा तपासा. मॅट सपाट आणि एकमेकींना चिकटून हव्यात. खाली पोकळी राहिली तर त्या मोडतात.