फाउंड्री परत करू नका, आधी राउटर बघा

"डी अँड डी ऑनलाइन खेळायला फाउंड्री हे सॉफ्टवेअर घेतलं, राउटरवर पोर्ट ३०००० (बाहेरून आत यायचं दार) उघडलं, माझ्या लॅपटॉपवर सगळं चालतं, पण चौघा खेळाडूंपैकी एकालाही लिंक उघडत नाही. आता ते परत करून रोल२० ही तसलीच दुसरी सेवा घेऊ का?" तुमचा हा प्रश्न वाचून राहवलं नाही. बहुधा हे सीजीनॅटचं, म्हणजे इंटरनेट कंपनीने अनेक घरांना एकाच पत्त्यामागे ठेवण्याचं, दुखणं आहे. इथे माझेही पैसे आणि वेळ सर्वात जास्त वाया गेले.

राउटरच्या सेटिंगमध्ये वॅन आयपी, म्हणजे राउटरला बाहेरच्या बाजूने मिळालेला पत्ता, बघा. तो १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यात असेल, तर कंपनीने एकच पब्लिक आयपी अनेक घरांत वाटलाय. मग राउटरवर कितीही पोर्ट फॉरवर्ड करा, खेळाडूंची विनंती तुमच्या घरापर्यंत पोचतच नाही. १९२.१६८ने सुरू होत असेल, तर बहुतेक घरातच दोन राउटर एकामागे एक लागलेत. पहिला ब्रिज मोडवर टाका, म्हणजे तो नुसतं कनेक्शन पुढे देईल.

कस्टमर केअर राउटर बंद-चालू करायला सांगतं, तक्रार "सुटली" म्हणून बंद करतं आणि शनिवारचा खेळ बुडतो. त्यांना पोर्टबद्दल काही विचारूच नका. "स्टॅटिक पब्लिक आयपी मिळेल का, किती रुपयांत?" एवढंच, म्हणजे फक्त तुमच्या घराचा न बदलणारा पत्ता मिळेल का हे, विचारा आणि उत्तर ईमेलवर मागा. नाही म्हणाले तर क्लाउडफ्लेअर कंपनीचं टनेल वापरा, ते पोर्ट न उघडता तुमचा खेळ बाहेर पोचवतं. ते फक्त डीएमच्या (खेळ चालवणाऱ्याच्या) मशीनवर बसवावं लागतं, खेळाडूंना नुसती लिंक पुरते.

नवख्या डीएमने पहिल्या चार-पाच सेशनला काही विकत घेऊच नये, असं माझं ठाम मत आहे. आउलबेअर रोडिओ या साइटवर नकाशा, टोकन (पात्रांच्या सोंगट्या) आणि फॉग (न पाहिलेला भाग झाकणं) फुकट मिळतं. कॅरॅक्टर शीट कागदावर ठेवा. शीटवरूनच फासे टाकायचे असतील तर रोल२०चं फुकट खातं पुरे, डायनॅमिक लायटिंगला (पात्राला दिसेल तेवढाच नकाशा दाखवायला) मात्र वर्गणी लागते. फाउंड्री एकदाच आणि फक्त डीएमने घ्यायचं असतं, त्यामुळे तुमचे पैसे बुडालेले नाहीत. (प्लॅन बदलत राहतात, पैसे भरण्याआधी एकदा बघून घ्या.)

नकाशे पीएनजीत ठेवू नका. १० एमबीचा नकाशा पाच जणांना म्हणजे ५० एमबी, १० एमबीपीएस अपलोडवर ४० सेकंद सगळे काळ्या पडद्याकडे बघत बसतात. वेबपी या हलक्या फाइलमध्ये बदला, १०० पिक्सेलला एक चौकोन धरा. ३० बाय २० चौकोनांना ३००० बाय २००० पुरतं.

आणि लिंक तपासताना घरच्या वायफायवर तपासू नका, मोबाइल डेटावरून उघडा.