खेळाडूंचे प्रश्न : ईर्ष्या कुठे खर्चायची?

प्रश्न : वय 20, पोलीस भरतीची तयारी करतोय. रोज जीव तोडून पळतो, तरी 1600 मीटरला 5:19 च्या खाली येत नाही. राउंड असे पडतात : 68, 79, 84, 88 सेकंद. अविनाश साबळे आमच्याच तालुक्यातले. अशा खेळाडूंत असतं ते आमच्यात मुळातच नसतं का?
– एक वाचक, आष्टी (जि. बीड)

उत्तर : शरीराची ठेवण, छातीचा दम यांत जन्माचा वाटा असतोच. पण तुमचे नऊ सेकंद तिथे अडकलेले नाहीत. पूर्ण 20 गुणांना 5:10 लागतात, म्हणजे राउंड साडेसत्त्याहत्तरचा. पहिल्या राउंडात तुम्ही साडेनऊ सेकंद कमावता आणि पुढच्या तिन्हीत मिळून साडेअठरा घालवता. झेपत नाही त्या वेगाने सुटलं की स्नायूंत आम्लता साठते आणि पाय जड होतात. मग जिद्द कितीही असो, पाय उचलत नाहीत.

साबळे यांनी 2022 च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत 3000 मीटर स्टीपलचेस (अडथळ्यांची शर्यत) 8:11.20 मध्ये पुरी केली, सुवर्ण 0.05 सेकंदाने हुकलं. 28 अडथळे आणि 7 पाण्याच्या उड्या धरूनही 400 मीटरला सरासरी साडेपासष्ट सेकंद पडतात. तुमचा पहिला राउंड त्याहून जेमतेम अडीच सेकंद हळू आहे! ते तो वेग शेवटपर्यंत धरतात. ईर्ष्या तुमच्यातही भरपूर आहे, फक्त ती पहिल्या राउंडातच उडते.

जोराचे दिवस आठवड्यात दोनच ठेवा, मध्ये किमान दोन दिवसांचं अंतर. एकदा 400 मीटरचे 6 राउंड, प्रत्येक 77-78 सेकंदांत, मध्ये दोन मिनिटं चालणं. 72 आला तर खूश होऊ नका, तो चुकलेला राउंड. 81 च्या वर गेला की त्या दिवशी तिथेच थांबा. दुसऱ्यांदा 200 मीटरचे 8, प्रत्येक 36-37 सेकंदांत. एक दिवस 8 ते 10 किलोमीटर, सोबत्याशी गप्पा मारता येतील इतकं सावकाश. दोन दिवस तसंच अर्धा तास. उरलेले दोन दिवस आराम. सावकाश पळायची पोरांना लाज वाटते, आणि तिथेच घोडं पेंड खातं.

आधी ग्राउंड मात्र टेपने मोजून घ्या, आतल्या कडेपासून 30 सेंटिमीटर बाहेरून. गावाकडचा ‘चारशेचा’ राउंड कैकदा 380 भरतो. चार राउंडांत 80 मीटर कमी, म्हणजे या वेगाला साडेपंधरा सेकंदांची फसवणूक, आणि ती भरतीच्या दिवशीच कळते.

प्रश्न : मुलगी 15 वर्षांची, खो-खो खेळते. सामना हरली की दोन दिवस नीट जेवत नाही. ही जिद्द समजायची का?
– एक आई, धाराशिव

उत्तर : हरल्याचं लागणं चांगलं. न जेवणं नाही, त्याने पुढचे दोन सराव वाया जातात. त्या रात्री सामन्याचा विषय काढू नका. आधी भाकरी, वरण, दही पोटात जाऊ द्या. दुसऱ्या दिवशी तिला वहीत तीनच गोष्टी लिहायला सांगा : संरक्षणात किती सेकंद टिकली, कशी बाद झाली (सरळ पाठलागात, खांबाजवळ की अचानक मिळालेल्या खोवर), आणि आक्रमणात खो मिळण्याआधीच उठल्याचे फाऊल किती. अर्जुन पुरस्कार (2020) मिळवणाऱ्या खो-खोपटू सारिका काळे तुमच्याच जिल्ह्यातल्या, त्यामुळे मुलीवर मोठ्या नावाचं ओझंही असेल. तिची तुलना तिच्या वहीतल्या मागच्या आकड्याशीच करा. 70 सेकंद टिकणारी मुलगी 85 टिकली आणि संघ हरला, तरी ते 85 लिहून ठेवावेत. वजन उतरत असेल किंवा पाळी चुकत असेल तर मात्र वही बाजूला ठेवा, डॉक्टरांना दाखवा आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या.