रंकाळ्यावर आकाश पांढरं, पाणी काळं

प्रश्न : मी कोल्हापुरात राहते. संध्याकाळी रंकाळा चौपाटीवरून सूर्यास्ताचे फोटो काढते. डोळ्यांना दिसणारा केशरी रंग फोटोत येत नाही. कधी आकाश पांढरं पडतं, कधी पाणी काळंकुट्ट होतं. सूर्य तर टिकलीएवढा! कॅमेरा साधा डीएसएलआर, १८-५५ची लेन्स. मोठी लेन्स घेऊ का?

उत्तर : या कारणासाठी नका घेऊ. सूर्याचं बिंब आकाशात जेमतेम अर्धा अंश व्यापतं. ५५ मिमीवर, म्हणजे तुमच्या लेन्सच्या पूर्ण झूमवर, सेन्सरवर ते अर्धा मिलिमीटर भरतं. ३०० मिमीच्या लेन्सने मोठं दिसेल, पण रंकाळा चौकटीबाहेर जाईल. आणि शांत तळ्यावर मला तरी बिंबापेक्षा पाणी महत्त्वाचं वाटतं. आकाशाचा सगळा रंग तिथे दुसऱ्यांदा उमटलेला असतो.

म्हणून कठड्यावरून खाली या. घाटाच्या कोरड्या पायरीवर बसून कॅमेरा खाली धरा. नजर पाण्याला जितकी समांतर, तितकं पाणी जास्त प्रकाश परत फेकतं. वरून पाहिलं की प्रतिबिंब फिकं पडतं. लेन्सवर पोलरायझर (चकाकी कमी करणारा फिल्टर) असेल तर काढून ठेवा, तो प्रतिबिंबच खातो. समोर केंदाळ असेल तर सरळ जागा बदला.

रंग हरवतो तो ऑटो व्हाइट बॅलन्समुळे, म्हणजे कॅमेरा रंगांचा तोल आपणहून ठरवतो त्यामुळे. कॅमेऱ्याला केशरी छटा म्हणजे दोष वाटतो आणि तो ती पुसायला बघतो. सेटिंग ‘डेलाइट’वर ठेवा, आणखी ऊब हवी असेल तर ‘क्लाउडी’वर. एक्स्पोजर (फोटोत किती उजेड घ्यायचा ते) मोजताना सूर्य चौकटीबाहेर ठेवा, त्याच्या शेजारच्या आकाशावर मोजा, लॉक करा आणि मग चौकट जुळवा. पाणी थोडं गडद येईल. प्रतिबिंब आकाशापेक्षा गडदच असतं, ते तसंच शोभतं. फाइल रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली, असली तर नंतर हवं तेवढं उजळता येतं. व्ह्यूफाइंडरमधून मात्र सूर्याकडे रोखून पाहू नका, डोळ्यांना इजा होते.

सूर्य बुडाला की लोक भेळेकडे वळतात. तुम्ही थांबा! पुढची वीसेक मिनिटं सोडू नका. वारा पडलेला असेल तर पाणी सपाट होतं, आकाश आणि पाणी यांच्या उजेडातला फरक सुसह्य होतो, आणि उंचावर विरळ ढग असतील तर ते खालून पेटतात. पावसाळा सरल्यावर, ऑक्टोबरच्या सुमारास असं आकाश मला आवडतं. उजेड कमी झाला की शटर जास्त वेळ उघडा राहतो आणि हात हलला की फोटो हलतो, तेव्हा पैसे खर्चायचेच तर ट्रायपॉडवर खर्चा.

शिवाय सूर्य रोज एकाच जागी मावळत नाही. जूनमध्ये तो पश्चिमेच्या जवळपास २५ अंश उत्तरेला असतो, डिसेंबरात तेवढाच दक्षिणेला. त्यामुळे त्याच पायरीवरून काठावरच्या शालिनी पॅलेसची कड दर महिन्याला वेगळी उजळते. तळ्यातल्या संध्यामठाचा दगडी मंडप चौकटीत हवा असेल तर उन्हाळ्यात जा. पावसाळ्यात तो बराचसा पाण्याखाली असतो.