सिनेमासाठी गाडी उडवणारे स्टंट ड्रायव्हर धाडसी असतात की वेडे?

तुमच्या प्रश्नातले दोन्ही शब्द ड्रायव्हरलाच चिकटतात, आणि त्याच्यामागे पैसे लावून उभे असलेले मात्र अलगद सुटतात, असं माझं मत आहे. केन कार्टरचंच बघा.

हा माँट्रियलचा गडी. 'मॅड कॅनेडियन' या नावानेच त्याची जाहिरात व्हायची. छोट्या रेसट्रॅकवर ओळीने लावलेल्या गाड्यांवरून गाडी उडवायची, हाडं मोडून घ्यायची, बरं वाटलं की पुढचं गाव गाठायचं, हेच त्याचं पोटपाणी. पण त्याने एक भलतंच मनावर घेतलं होतं. कॅनडातल्या मॉरिसबर्गहून रॉकेट बसवलेल्या लिंकन काँटिनेंटलमधून सेंट लॉरेन्स नदी पार करायची. अंतर सुमारे एक मैल. हो, मैल!

आता हिशेब करा. हवेचा विरोध शून्य धरला आणि गाडी बरोबर 45 अंशांत सुटली, तरी 1600 मीटर जायला रॅम्प सोडताना ताशी साधारण 450 किलोमीटर वेग हवा. प्रत्यक्षात हवा आडवी येणारच. त्यात इंजिन पुढे असलं की पुढची चाकं रॅम्पवरून सुटल्याबरोबर गाडीचं नाक खाली झुकायला लागतं; म्हणून स्टंटवाले डिकीत वजन टाकतात. लिंकन ही तर भली मोठी, जड गाडी. तिला विमान समजणं म्हणजे जरा जास्तच झालं.

हिशेबाने स्टंट होत नाहीत असं नाही. 1974 च्या एका बाँडपटात गाडी हवेत गोल गिरकी घेऊन पलीकडे चाकांवर उतरते. ती उडी आधी संगणकावर तपासली होती, तोल साधायला ड्रायव्हरला गाडीच्या मधोमध बसवलं होतं, आणि पहिल्याच टेकमध्ये काम झालं. त्या ड्रायव्हरला कोणी वेडा म्हणत नाही.

कार्टरच्या या खटाटोपावर कॅनडाच्या नॅशनल फिल्म बोर्डाने 'द डेव्हिल ॲट युवर हील्स' हा माहितीपट काढला, 1981 साली. उडी 1976 पासून पुढे ढकलली जात होती. पैसेवाल्यांना वाटायला लागलं की याची छाती आता होत नाही. मग 1979 मध्ये कार्टर जागेवर नसताना त्यांनी केनी पॉवर्स नावाच्या दुसऱ्याच स्टंटमनला गाडीत बसवलं. गाडीने रॅम्प सोडला आणि हवेतच तिचे भाग सुटे व्हायला लागले, पॅराशूट उघडलं, आणि ती आपल्याच काठाजवळच्या पाण्यात आदळली. पॉवर्स वाचला, पण पाठीचे मणके मोडून. मला यात सगळ्यात जास्त खटकतं ते हे, की त्यांना उडी हवी होती, आत कोण बसलाय याच्याशी घेणंदेणं नव्हतं.

कार्टरलाही थांबायचं नव्हतंच, ते मान्य. मैलभर नदीची हाव धरणारा माणूस 1983 मध्ये पीटरबरो इथे एका तळ्यावरून रॉकेटची गाडी उडवताना गेला. या वेळी गाडी कमी पडली नाही. उतरायचा रॅम्प ओलांडून पुढे गेली आणि टपावर आपटली.

माहितीपट मिळाला तर जरूर बघा. उडीच्या दृश्यापेक्षा तारखा पुढे ढकलताना चाललेल्या बोलाचालीकडे लक्ष द्या, तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर तिथे आहे.