लठ्ठपणावरची सरकारी धोरणं प्रत्यक्षात का उतरत नाहीत? लोक ऐकत नाहीत म्हणून का?

प्रश्नातलं दुसरं वाक्य वाचलं आणि राहवलं नाही.

मी काही वर्षं एका सरकारी दवाखान्यात आहारतज्ज्ञ होते. वरून आदेश आला, येणाऱ्या प्रत्येकाचं वजन-उंची घ्या, बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती, तो आकडा) काढा, ३० च्या वर असेल तर समुपदेशन करा. आदेशात वाईट काहीच नव्हतं. पण वजनकाटा एकच, तोही बाहेर रांगेच्या तोंडाशी, जास्तीचा माणूस एकही दिला नाही आणि एका पेशंटला जेमतेम तीन-चार मिनिटं. एक बाई बीपीच्या गोळ्यांसाठी दर महिन्याला यायच्या. त्यांना काट्यावर उभं केलं, रजिस्टर लिहिणारी लांब बसलेली म्हणून मी आकडा मोठ्याने सांगितला, आणि मागे रांगेत कोणीतरी हसलं. त्यानंतर त्या आल्याच नाहीत. वजनाचं सोडा, बीपीचा उपचारही सुटला. रजिस्टरमध्ये मात्र त्यांच्या नावापुढे 'समुपदेशन केले' या रकान्यात बरोबरची खूण आहे, माझ्याच हातची.

महिन्याच्या मीटिंगला मी म्हटलं काटा आत हलवा, एक मदतनीस द्या. साहेब म्हणाले, लोकांनाच इच्छाशक्ती नाही, आपण काय करणार. रकाने भरलेले होते त्यामुळे विषय तिथेच संपला. तेव्हा मला उत्तर सुचलं नाही.

आता सांगते. ब्रिटनने साखरेच्या शीतपेयांवरचा कर २०१६ मध्ये जाहीर केला आणि लागू केला एप्रिल २०१८ मध्ये, १०० मिलिलिटरमध्ये ५ ग्रॅमच्या खाली साखर असेल तर कर नाही. मधल्या दोन वर्षांत बऱ्याच कंपन्यांनी आपणहून साखर कमी केली. पिणाऱ्यांची इच्छाशक्ती काय रातोरात वाढली होती का? चिलीने २०१६ पासून जास्त साखर, मीठ, चरबीच्या पाकिटांवर काळे अष्टकोनी शिक्के सक्तीचे केले आणि असे पदार्थ शाळेत विकायला बंदी घातली. तिथेही भार कंपन्यांवर आणि विक्रेत्यांवर टाकला, रांगेतल्या बाईवर नाही. म्हणून माझं मत स्पष्ट आहे, काम कोणाच्या गळ्यात घातलंय, त्याला वेळ-माणसं-पैसा दिलाय का, आणि मोजता काय, रकाना की माणूस, यावर निम्म्याहून जास्त ठरतं. बाकी उद्योगांचा दबाव, सरकार बदललं की योजना गुंडाळणं वगैरे आहेच, त्यावर दुसरं कोणीतरी लिहील.

हां, कर म्हणजे रामबाण असं नाही हं. डेन्मार्कने २०११ मध्ये संपृक्त चरबीवर (लोणी, चीज, मांस यांतल्या) कर लावला, लोक सीमेपलीकडे जाऊन खरेदी करू लागले, अशी ओरड झाली आणि २०१२ मध्येच तो काढायचं ठरलं. शिवाय अशा कराचा चटका गरिबाला जास्त बसतो, ते पैसे परत त्यांच्यासाठीच वापरायला हवेत.

पण इच्छाशक्ती नाही असं म्हणू नका. त्या बाई इतके महिने न चुकता येऊन रांगेत उभ्या राहायच्या.