उंच डोंगरातल्या खोऱ्यात केलेली वाईन खरंच वेगळी लागते का? आणि मग महाबळेश्वरला द्राक्षं का लावत नाहीत?

हो, वेगळी लागते आणि फरक चांगला कळतो. पण बाटलीवर छापलेले मीटर बघून वाईन घेऊ नका, कारण नुसत्या उंचीने काही होत नाही. उंची, कोरडी हवा आणि कडक ऊन हे तिन्ही एकत्र आलं तरच त्याचा उपयोग, आणि तुमच्या महाबळेश्वरचं उत्तरही त्यातच आहे, त्यावर खाली येतो.

मी दिंडोरीकडे एका वायनरीसाठी बागांचं काम बघतो आणि मध्ये एक हंगाम अर्जेंटिनात, साल्ता प्रांतातल्या काल्चाकी खोऱ्यात काढला, काफायाते गावाजवळ. म्हणून तिथलंच सांगतो. गाव साधारण १७०० मीटरवर आहे. दोन्ही बाजूंना डोंगर, पूर्वेकडचे डोंगर ओलसर वारे अडवतात त्यामुळे वर्षाचा पाऊस २०० मिलिमीटरच्या आसपास. विषुववृत्तापासून हे गाव आपल्या जोधपूरइतकंच लांब आहे, फक्त दक्षिणेला. म्हणजे खरं तर इथे भाजून निघायला पाहिजे. पण दर हजार मीटरला तापमान सहा-साडेसहा डिग्रीने उतरतं, त्यामुळे दहाएक डिग्री तिथेच वाचतात. ऊन मात्र कमी होत नाही, उलट हवा विरळ असल्याने दर हजार मीटरला अतिनील किरण १० टक्क्यांच्या आसपास वाढतात. दुपारी टोपीशिवाय बागेत उभं राहवत नाही आणि सूर्य डोंगराआड गेला की तासाभरात जॅकेट शोधावं लागतं. दिवस-रात्रीत २० डिग्रीचा फरक तिथे कुणाला विशेष वाटत नाही.

आता वेल याला काय करते ते बघा. जास्त उन्हापासून बी वाचवायचं म्हणून मण्याची साल जाड होते, सालीत रंग आणि टॅनिन, म्हणजे तुरटपणा देणारं द्रव्य, जास्त भरतं. तिथल्या माल्बेक या रेड वाईनच्या द्राक्षाचा मणी तोंडात टाकला की गर लगेच निघून जातो पण साल चावत बसावी लागते, आणि ती बोटांत चोळली तर जांभळा डाग दोन वेळा हात धुवून पण निघत नाही. दुसरं म्हणजे थंड रात्र. गरम रात्री वेल मण्यातलं आंबटपणा देणारं मॅलिक ॲसिड जाळून टाकते, रात्र थंड असली की ते टिकतं. आपल्याकडे फेब्रुवारी संपता संपता ऊन तापलं की साखर भराभर चढते आणि ॲसिड पडतं, मग वायनरीत वरून टार्टारिक ॲसिड घालून जुळवून घ्यावं लागतं. तिथे साखर भरपूर चढूनही आंबटपणा शिल्लक राहतो, म्हणून १४-१५ टक्के अल्कोहोलची रेड पण ताजी लागते, जड नाही लागत. मला विचाराल तर उंचीची खरी कमाई ही आहे, रंग वगैरे नंतर. कारण जाड सालीचा त्रास पण असतो, टाकीत साल जास्त दिवस रसाबरोबर ठेवली की वाईन जीभ आवळून टाकते, त्यामुळे तिथले चांगले वाईनमेकर रंग बघून हुरळून न जाता साल लवकर वेगळी करतात.

पण खोऱ्याची स्वतःची ओळख म्हणाल तर माल्बेक नाही, तोरोन्तेस. पांढरी द्राक्षं, मस्कत ऑफ अलेक्झांड्रिया आणि स्पॅनिश लोकांनी आणलेल्या क्रिओया चिका यांच्या संकरातून अर्जेंटिनातच झालेली. ग्लास नाकाजवळ नेला की मोगरा आणि गुलाब, वाटतं गोड असणार, आणि घोट घेतला तर एकदम ड्राय, गोडवा नाहीच. तोडायला उशीर केला की शेवटी कडवटपणा येतो, म्हणून तोडणीच्या दिवसांत रोज मणी चाखत फिरणं हे तिथे मोठं काम असतं, साखर मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर हातात असला तरी.

नाशिकच्या माणसाला तिथे परकं वाटत नाही हेही सांगतो. जुन्या बागा मांडवावरच आहेत, घड पानांच्या सावलीत राहावेत म्हणून. डोंगरातलं पाणी पाटाने येतं आणि पाण्याच्या पाळीवरून शेजाऱ्यांची कुरबुर पण तशीच. फरक दोन ठिकाणी जाणवला. एक, थंडीत वेल खरोखर झोपते, त्यामुळे आपल्यासारखी एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोड छाटणी अशी दोनदा छाटणी नाही, एकदाच. आणि दुसरं म्हणजे केवडा, ओल्या हवेत द्राक्षावर येणारा बुरशीचा रोग! हवा इतकी कोरडी की केवड्याची भीती जवळजवळ नाहीच, भुरी या दुसऱ्या बुरशीसाठी गंधक मारलं की बरंचसं काम झालं. आपल्याकडे पावसाळी ढग आले की फवारणीवर फवारणी करणाऱ्या माणसाला हे बघून काय वाटतं ते द्राक्षवाल्यांनाच कळेल. त्रास तिथे वेगळे, वसंतातलं दव गोठणं, गारा, आणि पानं कापून नेणाऱ्या मुंग्या.

तर महाबळेश्वर. उंची साडेतेराशे मीटर धरा, म्हणजे नाशिकच्या दुप्पट, पण पाऊस ५००० मिलिमीटरच्या वर आणि तोही चार महिन्यांत. त्या ओलाव्यात केवडा आणि कूज वेलीला जगू देणार नाही, खर्च करून जगवली तरी घडात चव येणार नाही. स्ट्रॉबेरी होते कारण ती पाऊस गेल्यावर लावून उन्हाळ्यापर्यंत काढून घेता येते. वेल मात्र वर्षानुवर्षं तिथेच उभी असते, तिला पावसाळा चुकवता येत नाही.

दुसरं टोक पण आहे. त्याच खोऱ्यात कोलोमे वायनरीची सगळ्यात उंच बाग ३१११ मीटरवर आहे, पायोगास्ताला. द्राक्षं येतात, पण एवढ्या उंचीवर हंगाम आखूड होतो आणि एखादी गोठलेली रात्र वर्षाचा माल घेऊन जाते. कोणी मला भांडवल दिलं तरी मी तिकडे न जाता १७०० ते २३०० मीटरमध्येच बाग लावेन.

भारतात अशी जागा हवी असेल तर महाबळेश्वर सोडा आणि हिमाचलमधलं किन्नौर बघा. डोंगराआडचा कोरडा भाग, मान्सून तिथे अगदी थोडा पोचतो, आणि रिब्बा गावाकडची अंगूरी, म्हणजे द्राक्षांची दारू, प्रसिद्धच आहे, म्हणजे द्राक्ष तिथल्या लोकांना नवीन नाही. मात्र हिवाळा काल्चाकीपेक्षा पुष्कळ कडक, तेव्हा कुठली जात लावायची यावर सगळं अवलंबून राहील, आणि मी असतो तर लवकर पिकणाऱ्या पांढऱ्या जातीपासून सुरुवात केली असती.