लहान मुले असलेल्या घरात पक्ष्यांच्या शिकारीसाठी पहिला कुत्रा कोणता घ्यावा?

आपण अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात राहता, घरात दोन लहान मुले आहेत आणि शरद ऋतूत फेझंट या कोंबडीसारख्या रानपक्ष्याच्या शिकारीला जाण्याचा विचार आहे, असे आपण लिहिले आहे. अशा घरासाठी मी लॅब्रॅडॉर रिट्रीव्हर सुचवेन. तो दाट गवतातून पक्षी उठवतो, पडलेला पक्षी पाण्यातूनही शोधून आणतो आणि मुलांमध्ये सहज रमतो. जर्मन शॉर्टहेअर्ड पॉइंटर पक्ष्याचा वास लागताच जागीच थबकून दिशा दाखवतो, हे दृश्य खरोखर देखणे असते. परंतु रोज मनसोक्त धावायला मिळाले नाही, तर तो घरात अस्वस्थ होतो. तशाच पद्धतीने काम करणारा, पण लहान चणीचा कुत्रा हवा असल्यास साधारण 14 ते 18 किलो वजनाचा ब्रिटनी पाहावा.

मात्र जातीइतकीच वंशावळही महत्त्वाची असते. पिल्लाचे आईवडील प्रत्यक्ष शिकारीत काम करणारे आहेत का, घरात ते शांत राहतात का आणि त्यांच्या खुब्याच्या सांध्यांची तपासणी झाली आहे का, हे पैसे देण्यापूर्वी विचारावे. पिल्लाला एकदम नेमबाजीच्या मैदानावर कृपया नेऊ नका. बंदुकीची भीती एकदा बसली की ती घालवणे फार कठीण जाते, म्हणून ते खेळण्यात गुंतलेले असताना दुरून हलक्या आवाजाने सुरुवात करून अंतर हळूहळू कमी करावे.